सुतारकामाचा गाळा नव्याने मांडताय? या चुका टाळा

पावसाच्या आत गाळा नवा करून घ्यायचा म्हणून एप्रिल-मेमध्ये घाई चालते. पत्रे बदलतात, गिलावा होतो, खाली कोबा पडतो, भिंतींना पांढरा रंग लागतो. रंग पुरता वाळलेलाही नसतो आणि फोन येतो, "दादा, कपाटं कुठल्या भिंतीला ठोकू?" माझं उत्तर ठरलेलं आहे: अजून कुठंच काही ठोकू नका.

लाकूड कुठून आत येणार, कुठं चिरलं जाणार, कुठं जोडलं जाणार आणि तयार वस्तू कुठून बाहेर जाणार, हे न बघताच लोक भिंती भरायला घेतात. व्हिडिओत कुणाचा तरी सजलेला वर्कशॉप बघतात आणि पहिल्याच आठवड्यात तसाच हवा म्हणून बसतात. तो माणूस त्या जागेत कित्येक वर्षं काम करत आलेला असतो, त्याचं प्रत्येक हत्यार हळूहळू आपल्या जागी गेलेलं असतं, हे व्हिडिओत दिसत नाही.

प्लायची अख्खी शीट फिरवून न बघणं

ही चूक मी सगळ्यात जास्त पाहिली आहे आणि हिचा भुर्दंडही सगळ्यात मोठा.

ओळखीतल्या एकाने नोकरी सांभाळून फर्निचर करायचं ठरवलं. पुण्यात धायरीला १२ बाय २० फुटांचा जुना गाळा घेतला आणि काम दिलं घरांचं इंटिरियर करणाऱ्याला. त्याने घर करतात तसाच गाळा केला. तिन्ही भिंतींना २ फूट खोल ओटे, वर-खाली कपाटं, वायरिंग भिंतीत गाडलेलं, प्लग पॉइंट जमिनीपासून फूटभर उंचीवर. दिसायला फार देखणं झालं होतं. मग टेबल सॉ, म्हणजे टेबलात बसवलेली फिरती करवत, आला, तो मधोमध बसवला आणि भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून प्लायचा टेम्पो आला.

हिशेब साधा आहे. १२ फुटांतून दोन्हीकडचे २-२ फूट गेले, उरले ८. प्लायची शीट ८ बाय ४, तिचा कर्ण जवळजवळ ९ फूट. म्हणजे हातात आडवी धरलेली शीट त्या जागेत वळणारच नाही. लांबीच्या दिशेने चिरायला जावं तर पात्याच्या अलीकडे ८ आणि पलीकडे ८ फूट मोकळे लागतात, शिवाय मागे माणूस उभा राहायला दोन-अडीच फूट. सलग १८ फुटांच्या वर. मागच्या ओट्याने २ फूट खाल्ल्यावर तिथं होते जेमतेम १८. शीट ओट्यावर आपटायची, पाती अडायची, आणि पात्यात अडकलेलं लाकूड मागे फेकलं जातं तेव्हा समोर चालवणाऱ्याचं पोट असतं.

विजेचं तर आणखी वाईट. पॉइंट कपाटांच्या मागे दडलेले, म्हणून दीड एमएमच्या वायरची लांबलचक एक्स्टेन्शन आणून २ एचपीची मोटर तिच्यावर चालवत होते. मोटर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते. बारीक, लांब वायरीत व्होल्टेज पडतं, मोटर कण्हत फिरते, वायर तापते. मी गेलो तेव्हा वायरीची गुंडाळी हाताला चटका देत होती. आधी मेन स्विच बंद केला, मग बोललो.

शेवटी एका बाजूचे ओटे काढावे लागले. टेबल सॉचं तोंड शटरकडे केलं, म्हणजे लांब माल पात्यातून पुढे गेला की उघड्या शटरमधून बाहेर जातो आणि आत कोण येतंय ते चालवणाऱ्याला समोर दिसतं. नवीकोरी कपाटं उखडताना त्या माणसाचा चेहरा बघवत नव्हता. त्याचा दोष एवढाच, की त्याला थांबा म्हणणारं कुणी नव्हतं.

म्हणून माझी पद्धत सांगतो. रिकाम्या जमिनीवर खडूने प्रत्येक मशीनचा आकार काढा. दोघांनी मिळून खरी शीट उचला आणि शटरपासून सॉपर्यंत, तिथून जोडणीच्या टेबलापर्यंत चालत जा. जिथं कोपर भिंतीला लागेल तिथला खडू पुसून नव्याने आखा. मशीन ब्रेकच्या चाकांवर ठेवा. निदान एक पावसाळा काम करा, मग कपाटं ठोका. कामाचं टेबल सॉच्या उंचीचं किंवा दोन-तीन मिलिमीटर खाली ठेवा, म्हणजे चिरलेली शीट त्याच्यावर अलगद सरकते. गाळा अगदीच लहान असेल तर अख्खी शीट सॉवर चढवण्याचा हट्ट सोडा. जमिनीवर जाड थर्माकोल अंथरा, त्यावर शीट टाका आणि सरळ पट्टी लावून सर्क्युलर सॉने, म्हणजे हातात धरायच्या गोल पात्याच्या करवतीने, आधी दोन तुकडे करा. तीस-पस्तीस किलोची शीट एकट्याने सॉवर पेलण्यात कसलंही कौशल्य नाही.

वायरिंग उघड्या पाइपातून करा, पुढे हलवता येतं. पॉइंट साडेचार फुटांवर घ्या, कारण भिंतीला आडवी टेकवलेली शीट ४ फूट उंच असते आणि तिच्यामागे पॉइंट दडता कामा नये. मोठ्या मशीनला स्वतंत्र लाइन, सी टाइप एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा, पण मोटर सुरू होतानाचा झटका सोसणारा स्विच), किमान अडीच एमएमची वायर, अंतर जास्त असेल तर चारची. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (शॉक बसताच वीज तोडणारा स्विच) आणि अर्थिंग यात काटकसर नको. टेबल सॉ आणि भुसा ओढणारं मशीन एकाच वेळी चालणार, हे धरून महावितरणकडचा मंजूर भार तपासा.

ओल्या गाळ्यात सुकं लाकूड

नवा गिलावा आणि नवा कोबा वरून कोरडे दिसतात, पण आतलं पाणी कित्येक आठवडे बाहेर पडत राहतं. इंचभर जाडीच्या काँक्रीटला सुकायला साधारण महिना धरायचा, ४ इंची कोबा असेल तर स्वतःच हिशेब करा. अशा गाळ्यात शटर लावून सागवानाच्या फळ्या ठेवल्या की त्या ते पाणी पितात. लोक मग टिंबर मार्केटच्या व्यापाऱ्याला शिव्या घालतात, "ओला माल दिला." दर वेळी चूक त्याची नसते.

तपासायचं असेल तर दीड फूट चौरस प्लॅस्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून जमिनीवर रात्रभर बंद करा. सकाळी आतून थेंब दिसले किंवा कोबा काळपट झाला तर लाकूड आणू नका.

पुढचा मुद्दा पुण्याच्या हवेचा. हवेत ३० टक्के आर्द्रता असेल तर लाकूड साधारण ६ टक्के ओलाव्यावर स्थिरावतं, ८० टक्के असेल तर १६ च्या आसपास. आपल्याकडे एप्रिलची दुपार आणि जुलैचा पाऊस ही या दोन टोकांची हवा आहे. मे महिन्यात कागद जाईल एवढ्याच फटीचा ड्रॉवर केला तर जुलैत तो उघडत नाही. फळी रुंदीत फुगते, लांबीत जवळपास नाही, हे ध्यानात ठेवून फट ठेवा. लाकूड आणल्यावर आपल्या गाळ्यात काही आठवडे राहू द्या आणि ओलावा मोजायचं मीटर घ्याच. ‘माल सुका आहे’ हे मी कुणाच्याही तोंडचं मानत नाही.

रचताना फळ्या जमिनीपासून वीतभर वर, भिंतीपासून चार बोटं लांब, प्रत्येक थरात सारख्या जाडीच्या पट्ट्या, आणि पट्ट्या एकाखाली एक सरळ रेषेत. पश्चिमेच्या भिंतीला लाकूड लावूच नका, पावसाचा मारा तिकडूनच असतो. जमिनीवर टेकलेल्या फळीत वाळवी शिरली तर वरून काही कळत नाही.

बाकीच्या चुका

डबे, हुक, छिद्राचे बोर्ड आधीच विकत घेऊ नका. पुण्यातला हार्डवेअरचा बाजार, बोहरी आळी, कुठं पळून जात नाही. आधी हत्यारं बाकाजवळ एका पेटीत ठेवा. ज्यांना रोज हात लागतो ती महिन्याभरात वर येतात, त्यांनाच भिंतीवर जागा द्या. माझ्याकडे रंधा, पटाशी, काटकोन बघायचा गुण्या आणि पेन्सिल हातभर अंतरात असतात, बाकी सगळं मागे.

तुकडे साठवायला एकच खोकं. भरलं की त्याच दिवशी रिकामं करायचं.

जुन्या चोकच्या ट्यूबखाली सॉ चालवू नका. तिचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो आणि फिरती पाती कधी कधी थांबल्यासारखी दिसते.

गंज चढू नये म्हणून बिडाच्या टेबलाला पावसाळ्याआधी मेण चोळा, हत्यारांच्या पेटीत कापराच्या वड्या टाका.

भुसा कोरड्या झाडूने झाडू नका. लाकडाची धूळ कॅन्सरला कारण ठरते हे कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९५ साली नोंदवलं आहे, तरी लोक तोंडाला रुमाल बांधून लाकूड घासायचं सँडर मशीन चालवतात. रुमालातून बारीक धूळ आरपार जाते. एन-९५ मास्क लावा, आणि नाक खाजतंय म्हणून काम संपायच्या आधी काढू नका.

जवसाचं तेल पुसलेले फडके चुरगळून कोपऱ्यात फेकणारी मुलं दिसली की मी हातातलं काम टाकून उठतो. ते तेल वाळताना तापतं, गोळा झालेल्या फडक्यात ती उष्णता कोंडते आणि काडी न लावता आग लागते. शेजारी भुशाचं पोतं असतंच. फडका बाहेर तारेवर एकेरी पसरा, पुरता कडक झाला की मगच कचऱ्यात टाका. अग्निशामक सिलिंडर शटरपाशी लावा. सगळ्यात आतल्या भिंतीला लावला तर तो घ्यायला आगीतून जावं लागेल.