महाडीबीटीचा फॉर्म परत येऊ नये म्हणून काय काय करायचं

इंजिनिअरिंग, फार्मसीला पोरं मार्कांमुळे कमी आणि कागदांमुळे जास्त अडकतात असं माझं मत झालंय, कारण गेल्या वर्षी महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती-फीमाफीच्या वेबसाइटवर, भाचीचा फॉर्म भरायला बसलो आणि दोनदा 'सेंड बॅक' होऊन, म्हणजे दुरुस्तीसाठी परत, आला.

तर सुरुवात सीईटीचा (प्रवेश परीक्षेचा) रिझल्ट लागायच्या आधीच करा, मे महिन्यातच. जातीचा दाखला असेल तर व्हॅलिडिटी (जात पडताळणी) अकरावी-बारावीतच टाकून ठेवायची, तिला महिनेच्या महिने लागतात आणि कॅप राउंड (सरकारी केंद्रीय प्रवेशाची फेरी) कुणासाठी थांबत नाही. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आधी तलाठ्याचा अहवाल, मग सेतू केंद्रात अर्ज, मग तहसीलदारांची सही. जून-जुलैमध्ये सगळा तालुका तिथेच उभा असतो. हा दाखला आणि नॉन क्रिमीलेअर (प्रगत गटात नसल्याचा दाखला) दोन्हीवर ३१ मार्चची मुदत लिहिलेली असते, कोणत्या सालातला मार्च ते नीट बघा. मोठ्या भावाच्या वेळचा काढून चालत नाही.

आता नाव. भाचीच्या दहावीच्या मार्कशीटवर वडिलांच्या ज्ञानेश्वरमध्ये डब्ल्यू आणि तिच्या आधारवर व्ही, बास, एवढ्यावर पहिल्यांदा परत. म्हणून दहावीचं मार्कशीट, आधार, बँकेचं पासबुक टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि इंग्रजी स्पेलिंग अक्षर अक्षर बोट ठेवून जुळवा. बदल करायचा तर आधारमध्ये करा, मार्कशीट बदलणं म्हणजे बोर्डाचे हेलपाटे.

फॉर्म भरताना प्रवेश कॅपमधून झालाय हे बरोबर निवडा आणि सीईटी सेलचा अर्ज क्रमांक अलॉटमेंट लेटरवरून बघूनच टाका, आठवणीतून नको. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला असेल तर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती मिळत नाही, उगाच वेळ घालवू नका. एखादं वर्ष ड्रॉप घेतलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा. स्कॅन २५६ केबीच्या आत बसवायचं, पण इतकंही दाबू नका की शिक्काच दिसेनासा होईल. आमचा दुसऱ्यांदा परत आला तो ह्याच्यामुळे.

मुलींच्या पालकांनो, २०२४-२५ पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) मुलींना व्यावसायिक कोर्सला शिक्षण शुल्क १०० टक्के माफ आहे (मुलांना आधीसारखंच ५० टक्के), पण माफी आहे म्हणजे फॉर्म भरायचा नाही असं नाही हां! महाडीबीटीवर अर्ज करावाच लागतो, आणि दरवर्षी रिन्यूअलही.

बँक खातं आधारला लिंक आहे म्हणून निवांत राहू नका, सीडिंग (सरकारी पैसे जमा व्हायला आधारशी जोडलेलं खातं) कोणत्या बँकेत आहे ते आधारच्या साइटवर बघा, कारण पैसे तिथेच जातात. बऱ्याच जणांचं सिम घेताना पेमेंट बँकेचं एक खातं उघडलं गेलेलं असतं आणि पैसे तिकडे जाऊन पडतात, ह्यांना पत्ताच नाही.

सबमिट केल्यावर प्रिंट काढून कॉलेजच्या स्कॉलरशिप खिडकीवर द्या आणि पोच म्हणून झेरॉक्सवर तारखेसह सही घ्या. मग दर आठ दिवसांनी लॉगिन करून स्टेटस बघायचं, 'सेंड बॅक'चा मेसेज मोबाइलवर येईलच ह्या भरवशावर राहू नका. भाचीला दोन्ही वेळा आला नव्हता.