साथीची पहिली खूण खात्याखात्यांत कुठे हरवते? या चुका टाळा

माणूस आजारी पडला तर आरोग्य खाते, जनावर दगावले तर पशुसंवर्धन, रानपक्षी मेले तर वन खाते. अन्नातून बाधा झाली तर अन्नसुरक्षा, सांडपाण्यात विषाणू निघाला तर जलविभाग, पाकिटातून संशयास्पद भुकटी निघाली तर पोलीस. जैविक धोक्यावर लक्ष ठेवण्याची कामे जवळपास सगळीकडे अशीच वाटलेली असतात. या वाटणीत मुळात काही चूक नाही, कारण प्रत्येक खात्याचे अधिकार, प्रयोगशाळा आणि माणसे वेगळी असतात. अडचण येते ती दोन खात्यांच्या सांध्यावर. दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो, आणि इथे तर घरे पाच-सहा.

उशीर झाला की पहिली मागणी नव्या यंत्राची किंवा नव्या पोर्टलची होते. बहुतेक वेळा खूण कुणाला तरी आधीच दिसलेली असते. ती पुढे का सरकली नाही, हे पाहायला हवे.

पक्क्या निदानाची वाट पाहणे

सर्वांत महाग चूक हीच. ‘रिपोर्ट येऊ द्या, मग कळवू’ हे वाक्य समंजसपणाचे वाटते, पण त्यात आठवडे जातात.

१९९९ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये कावळे मरत होते. २३ ऑगस्टला क्वीन्समधल्या एका रुग्णालयातून डॉ. डेबोरा ॲस्निस यांनी शहराच्या आरोग्य विभागाला मेंदूज्वराच्या दोन विचित्र रुग्णांची खबर दिली. रुग्णांच्या स्नायूंतली ताकद गेली होती, आणि ते नेहमीच्या चित्रात बसत नव्हते. ३ सप्टेंबरला निदान जाहीर झाले: सेंट लुईस एन्सेफलायटिस, डासांमुळे पसरणारा एक मेंदूज्वर. ब्राँक्स प्राणिसंग्रहालयाच्या पॅथॉलॉजिस्ट ट्रेसी मॅकनामारा यांना ते पटले नाही. त्यांच्याकडे फ्लेमिंगो आणि पाणकावळे मरत होते, आणि सेंट लुईसचा विषाणू पक्ष्यांना सहसा मारत नाही. माणसांची साथ एका यंत्रणेकडे, पक्ष्यांची दुसरीकडे. दोन्ही तपास समांतर चालले. पक्ष्यांचे नमुने पशुवैद्यकीय आणि पुढे लष्करी प्रयोगशाळेत गेले, तेव्हा कुठे सप्टेंबरच्या अखेरीस वेस्ट नाइल विषाणूचे नाव पुढे आले. त्या वर्षी ६२ रुग्ण आणि ७ मृत्यू नोंदले गेले.

न्यूयॉर्कचे नशीब एवढेच की दोन्ही रोग क्युलेक्स डासांमुळे पसरतात. निदान चुकले तरी फवारणी योग्यच होती. त्याच सुमारास मलेशियात तेवढे नशीब नव्हते. १९९८ च्या सप्टेंबरपासून तिथे डुकरे पाळणारे लोक आजारी पडू लागले. जपानी मेंदूज्वर समजून डासांवर धुराची फवारणी झाली, लसी दिल्या गेल्या. जपानी मेंदूज्वर प्रामुख्याने मुलांना होतो. इथे आजारी होते ते डुकरांना रोज हात लावणारे प्रौढ पुरुष, आणि त्यांतले काही लस घेतलेले. ही विसंगती डोळ्यांसमोर असताना मार्च १९९९ पर्यंत निपाह विषाणू ओळखला गेला नव्हता. तोवर बाधित डुकरे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विकली गेली होती. २६५ रुग्ण, १०५ मृत्यू, आणि दहा लाखांहून अधिक डुकरे मारावी लागली.

उपाय: कळवण्याच्या तीन पायऱ्या लेखी ठरवा: संशयित, संभाव्य, निश्चित. दुसऱ्या खात्याला कळवण्याचे बंधन पहिल्या पायरीवरच लागू करा. निरोप अर्ध्या पानाचा असावा: काय दिसले, कुठे, कधीपासून, किती माणसे किंवा जनावरे, कोणता नमुना घेतला, फोनवर कोण भेटेल. शिवाय एक रकाना सक्तीचा ठेवा, ‘काय जुळत नाही’. वरच्या दोन्ही घटनांत खरी माहिती त्याच रकान्यात बसली असती.

आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावली २००५ हेच तत्त्व मानते. घटनेचे मूल्यांकन ४८ तासांत करायचे, आणि ती कळवण्याजोगी ठरली की त्यानंतर २४ तासांत जागतिक आरोग्य संघटनेला सांगायचे. ठरवण्यासाठी चार प्रश्न आहेत: परिणाम गंभीर आहे का, घटना अनपेक्षित आहे का, देशाबाहेर पसरण्याचा मोठा धोका आहे का, प्रवास-व्यापारावर निर्बंध येण्याचा धोका आहे का. दोन उत्तरे ‘हो’ आली की कळवायचे. जंतूचे नाव काय, हा प्रश्न या चारांत नाही.

‘प्रत माहितीस्तव’ पाठवून मोकळे होणे

पत्र एकाला, प्रती पाच जणांना. प्रत मिळालेला प्रत्येक अधिकारी समजतो की कारवाई दुसरा करणार. समन्वय समितीची बैठक होते, इतिवृत्त लिहिले जाते, आणि खुणेला मालक मिळत नाही.

उपाय म्हणजे एक तक्ता. आडव्या ओळीत खुणेचा प्रकार: एकाच भागात तापाचे रुग्ण अचानक वाढणे, पक्ष्यांची सामूहिक मरतूक, जनावरांचे गर्भपात, सांडपाण्यात विषाणू, हवेच्या फिल्टरवर सकारात्मक चाचणी. उभ्या रकान्यांत पाच गोष्टी: खबर कोण घेतो, खातरजमा कोण करतो, निर्णय कोण घेतो, तो नसेल तर कोण, आणि किती तासांत. निर्णयाच्या रकान्यात एकच पद लिहा. ‘संयुक्तपणे’ हा शब्द तिथे दिसला की तक्ता फसला म्हणून समजा. खबर मिळाल्याची पोच ठरावीक तासांत आली नाही, तर पाठवणाऱ्यानेच वरच्या पदाला फोन करायचा, हेही तिथेच लिहा.

तक्ता तपासायची सोपी रीत: सुट्टीच्या दिवशी पहाटे तीनला त्यावरचे नंबर फिरवा. किती उचलले जातात ते पाहिले की तक्त्याची खरी किंमत कळते.

पायऱ्यांची बेरीज न करणे

प्रत्येक कार्यालय आपल्या मुदतीत असते, तरीही एकूण उशीर होतो. २०११ मध्ये जर्मनीत ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूच्या ओ१०४ या घातक प्रकाराची साथ आली तेव्हाचा नियम पाहा. स्थानिक आरोग्य कार्यालयाने पुढच्या आठवड्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत राज्याला कळवायचे, आणि राज्याने त्यानंतर आठवडाभरात रॉबर्ट कॉख संस्थेला, म्हणजे देशाच्या साथरोग संस्थेला. कुणीही नियम न मोडता दोन आठवडे जाऊ शकत होते. हॅम्बुर्गमधल्या मुलांना या जंतूमुळे झालेल्या मूत्रपिंडविकाराची खबर १९ मे रोजी संस्थेपर्यंत पोहोचली, ती नेहमीच्या साप्ताहिक वाटेने नव्हे, थेट. त्या साथीत जर्मनीत ५३ माणसे दगावली. २०१३ मध्ये कायदा बदलून प्रत्येक पायरीला पुढच्या कामाच्या दिवसाची मुदत घातली गेली.

तुमच्या साखळीतल्या कमाल मुदती एका ओळीत लिहा आणि बेरीज करा. ती त्या रोगाच्या अधिशयन काळापेक्षा (संसर्गापासून लक्षणे दिसेपर्यंतच्या काळापेक्षा) जास्त भरत असेल, तर रुग्णांची दुसरी फळी तयार झाल्यावरच वरच्या कार्यालयाला पहिली कळणार.

त्याच साथीत आणखी एक घोटाळा झाला. स्पेनच्या काकड्यांवर ई. कोलाय सापडला आणि दोष जाहीर झाला. पुढे काकड्यांवरच्या जंतूचा प्रकार वेगळाच निघाला. खरे कारण मोडाचे मेथीदाणे होते. अन्नातला जंतू आणि रुग्णांतला जंतू एकच असल्याचे प्रयोगशाळेने सांगेपर्यंत पदार्थाला ‘संशयित’च म्हणावे. दोन खात्यांनी एकाच मसुद्यावर सही केल्याशिवाय नाव बाहेर जाऊ नये.

गोपनीयतेच्या नावाखाली ठिकाण दडवणे

नेदरलँड्समध्ये २००५ पासून दुभत्या शेळ्यांच्या गोठ्यांत क्यू ताप या जनावरांतून माणसांत येणाऱ्या जिवाणूजन्य रोगामुळे गर्भपात होत होते. २००७ पासून माणसांत साथ आली. २०१० पर्यंत नोंदलेले रुग्ण चार हजारांपलीकडे गेले. शेळ्यांमधला रोग कळवणे बंधनकारक झाले ते २००८ मध्ये, आणि बाधित गोठ्यांची नेमकी ठिकाणे खुली व्हायला २००९ चे अखेर उजाडले. हा जंतू वाऱ्याबरोबर काही किलोमीटर जातो. गोठा कुठे आहे हे ठाऊक नसेल, तर डॉक्टर न्यूमोनियाच्या रुग्णाला योग्य प्रश्न तरी कसा विचारणार?

शेतकऱ्याची भीती खोटी नसते; नाव फुटले की दूध विकले जात नाही. म्हणून वाटाघाट साथीच्या आधीच उरकावी. दोन खात्यांच्या लेखी करारात पाच रकाने पुरतात: तारीख, गाव किंवा पिनकोड, प्रजाती, संख्या, लक्षणे. मालकाचे नाव फक्त घरोघर तपासाची वेळ आली तरच, आणि तेही नेमक्या पदाला.

माहिती देणाऱ्याला बदल्यात काही मिळत नसेल, तर करारही कागदावर राहतो. अमेरिकेत २००७ च्या कायद्याने सर्व खात्यांची जैविक माहिती एकत्र करणारे राष्ट्रीय केंद्र उभे राहिले. पण ज्या खात्यांनी माहिती द्यायची, त्यांनी ती हात आखडूनच दिली. आठवड्याला एक पान परत पाठवा: तुमच्या आकड्यांतून आम्हाला हे दिसले. फुकट उपाय आहे, तरी क्वचितच कुणी करते.

यंत्राचा निकाल आला, पुढे काय हे ठरलेले नाही

हवेतून होणारा जैविक हल्ला ओळखण्यासाठी अमेरिकेची बायोवॉच यंत्रणा २००३ मध्ये सुरू झाली. तीसहून अधिक शहरांत हवा शोषणारे संच, त्यांतले फिल्टर माणसाने रोज काढून प्रयोगशाळेत न्यायचे. जंतू हवेत आल्यापासून निकालापर्यंत १२ ते ३६ तास. २००३ ते २०१४ मध्ये १४९ वेळा निकाल सकारात्मक आला, आणि एकदाही हल्ला नव्हता. निसर्गात असलेल्या जंतूंची ती जनुकीय खूण होती. संच केंद्राचे, पण रस्ते बंद करायचे की औषधे वाटायची हा निर्णय स्थानिक अधिकाऱ्यांचा.

अशी जनुकीय खूण शोधणारी पीसीआर चाचणी एवढेच सांगते की या जंतूचे डीएनए तिथे होते. तो जिवंत होता का, कुणाच्या फुप्फुसात गेला का, हे ती सांगत नाही. म्हणून एका सकारात्मक निकालानंतरच्या पायऱ्या आधीच लिहा: त्याच फिल्टरची वेगळ्या जनुकावर फेरचाचणी, शेजारच्या संचांचे निकाल, वाऱ्याची दिशा, जवळच्या रुग्णालयांना फोन, पशुवैद्यांना विचारणा. मग निर्णय.

सांडपाण्याचेही तसेच. लंडनमध्ये २०२२ च्या फेब्रुवारी ते जून या काळात बेक्टन सांडपाणी केंद्राच्या नमुन्यांत लसजन्य (तोंडावाटे द्यायच्या लसीतल्या विषाणूपासून आलेला) पोलिओ विषाणू सापडत राहिला. ऑगस्टमध्ये शहरातल्या १ ते ९ वयाच्या मुलांना जादा डोस द्यायचे ठरले. न्यूयॉर्क राज्यात त्याच वर्षी क्रम उलटा होता: आधी लकवा झालेला रुग्ण, मग कोविडसाठी साठवलेल्या जुन्या सांडपाण्यात शोध, आणि तिथे विषाणू. तेव्हा उरलेला नमुना ओतून देऊ नका. लेबल लावून गोठवा.

नमुना चुकीच्या नळीत, चुकीच्या दारात

खात्यांची भांडणे परवडली. खराब झालेला नमुना परत मिळत नाही. नेहमीच्या चुका अशा:

विषाणूंसाठीच्या व्हीटीएम माध्यमात प्रतिजैविके असतात. त्यात घातलेल्या स्वॅबवर जिवाणू वाढत नाहीत. रोग कोणता हे माहीत नसेल तर दोन स्वॅब घ्या, दोन वेगळ्या माध्यमांत.

पीसीआरसाठी रक्त हेपरिनच्या नळीत पाठवले तर चाचणी अडते; हेपरिन आणि ईडीटीए दोन्ही रक्त गोठू न देणारी रसायने आहेत. ईडीटीएची नळी वापरा.

विषाणूचे नमुने २ ते ८ अंश सेल्सिअसवर, ७२ तासांच्या आत. त्याहून उशीर होणार असेल तर उणे ७० अंशांवर. पण जिवाणूजन्य मेंदूज्वराच्या संशयात मणक्यातले पाणी कल्चरसाठी (जंतू वाढवून पाहण्यासाठी) फ्रिजमध्ये ठेवू नका; हा ज्वर आणणारा मेनिंगोकोकस जिवाणू थंडीने मरतो.

मेलेल्या जनावराचा सगळा अवयव फॉर्मालिनमध्ये बुडवला, की विषाणू वाढवून पाहण्याची संधी गेली. एक तुकडा ऊतीच्या दहापट फॉर्मालिनमध्ये, दुसरा ताजा, थंड.

बांधणी तिहेरी: गळणार नाही अशी नळी, शोषक कापूस, दुसरे गळतीरोधक भांडे, बाहेर कडक खोका. नेहमीच्या निदानाच्या नमुन्यांवर यूएन ३३७३ ची खूण (धोकादायक मालाच्या वाहतुकीचा आंतरराष्ट्रीय क्रमांक). माणसांत अतिघातक ठरणाऱ्या जंतूंचा संशय असेल तर यूएन २८१४ आणि त्याची वेगळी, कडक बांधणी. कोरडा बर्फ असेल तर खोका हवाबंद करू नका, वायूच्या दाबाने फुटतो.

या सगळ्यावर एक प्रश्न उरतो: पशुवैद्यकीय प्रयोगशाळा माणसाचा नमुना घेईल का, आणि खर्च कुणाचा? साथीत हे विचारत बसलात तर कुरियर दारातून परत येतो. परस्पर नमुना स्वीकारण्याचे पत्र आणि खर्चाचे शीर्ष आधी ठरवा.

पोलिसांना फार उशिरा बोलावणे

१९८४ मध्ये अमेरिकेच्या ऑरेगन राज्यातल्या द डॅल्स गावात दहा उपाहारगृहांतून ७५१ लोकांना साल्मोनेलाची बाधा झाली. तेव्हा बोट दाखवले गेले ते स्वयंपाकघरातल्या अस्वच्छ हातांकडे. भगवान रजनीश यांच्या अनुयायांच्या जवळच्या वसाहतीतल्या, रजनीशपुरममधल्या लोकांनी सॅलडमध्ये मुद्दाम जंतू मिसळले होते, हे वर्षभराने गुन्हे तपासातून उघड झाले. प्रत्येक जुलाबामागे कट शोधायचा नाही. पण एकमेकांशी पुरवठ्याचा संबंध नसलेल्या अनेक जागी एकाच वेळी तोच जंतू निघाला, किंवा त्या प्रदेशात कधीच न आढळणारा जंतू दिसला, तर एक फोन करावा, एवढे कलम हवे. २००१ च्या अँथ्रॅक्स पाकिटांनंतर, ज्यांत २२ जणांना बाधा होऊन ५ मृत्यू झाले, अमेरिकेत आरोग्य आणि गुन्हे तपास यंत्रणांनी रुग्णाची एकत्र मुलाखत घेण्याची पद्धत बसवली. रुग्ण एकदाच बोलतो, आणि दोघांना हवे ते मिळते. नमुना कुणी, कधी, कुणाच्या हाती दिला याची सहीनिशी नोंद पहिल्या नळीपासून ठेवा. मागाहून केलेली नोंद न्यायालयात टिकत नाही.

सराव भाषणांचा, घड्याळाचा नाही

टेबलावरचे सराव, म्हणजे काल्पनिक साथीवर बसून केलेल्या तालमी, बहुधा प्रास्ताविकात संपतात. त्याऐवजी ७-१-७ ची मोजपट्टी लावा: घटना सुरू झाल्यापासून ओळखायला ७ दिवस, कळवायला १ दिवस, प्राथमिक उपाय पूर्ण व्हायला ७ दिवस. मागच्या तीन खऱ्या घटना काढा, अगदी साध्या विषबाधेच्याही, आणि प्रत्येकीच्या चार तारखा लिहा: सुरुवात, ओळख, खबर, उपाय. तारीख सापडत नसेल तर तो रकाना रिकामा सोडा, अंदाजाने भरू नका. सर्वाधिक रिकामे रकाने ज्या दोन खात्यांच्या मधे दिसतील, पुढचा सराव त्यांच्यातच घ्या.