प्रोजेक्ट मॅनेजमेंटची मास्टर्स करताय? या चुका टाळा

प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या मास्टर्सला साधारण दोन प्रकारचे विद्यार्थी येतात. काही जण अनेक वर्षं नोकरी करून आलेले असतात. त्यांना वाटतं, हे तर आपण रोजच करतो. काही थेट पदवीनंतर आलेले असतात. ते व्याख्या आणि आकृत्या पाठ करतात. गंमत म्हणजे दोघांचे गुण एकाच ठिकाणी जातात. उत्तर बरोबर असतं, पण तेच का निवडलं, दुसरं का नाकारलं आणि त्यामुळे प्रकल्पात काय बदलेल, हे कागदावर नसतं. परीक्षक नेमकं तेच शोधत असतो. खालच्या बऱ्याचशा चुका याच एका चुकीची रूपं आहेत.

तासांचा हिशेब न करता मॉड्यूल घेणं

युरोपातल्या ईसीटीएस पद्धतीत १ क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं काम. ब्रिटनमध्ये १ क्रेडिट म्हणजे १० तास. १५ ब्रिटिश क्रेडिटचं मॉड्यूल १२ आठवड्यांत पुरं करायचं तर आठवड्याला साडेबारा तास लागतात. नोकरी सांभाळून अशी दोन मॉड्यूल घेतली की झाले २५. यात वाचन, गटाच्या बैठका आणि असाइनमेंट सगळं आलं. फक्त तासिका मोजल्या तर आकडा फसवा निघतो. नाव नोंदवण्याआधी प्रत्येक मॉड्यूलच्या सबमिशनच्या तारखा एका कागदावर मांडा. बहुतेक वेळा त्या शेवटच्या दोन आठवड्यांत एकमेकींवर चढलेल्या दिसतात.

आणखी एक गैरसमज इथेच मिटवून टाकू: मास्टर्स पूर्ण झाली म्हणजे पीएमपी हे व्यावसायिक प्रमाणपत्र आपोआप मिळत नाही. त्यासाठी प्रकल्प चालवण्याचा अनुभव, ३५ तासांचं प्रशिक्षण आणि वेगळी परीक्षा लागते. त्या परीक्षेच्या प्रश्नसंचांवर मास्टर्सची तयारी करणं तर उलटच पडतं. तिथे मुख्यतः दिलेल्या पर्यायांतून निवडायचं असतं, इथे ती निवड पटवून द्यायची असते.

जुन्या नोट्स आणि नव्या आवृत्त्यांची खिचडी

पीएमपी देणाऱ्या पीएमआय या संस्थेच्या पीएमबॉक गाइड या मार्गदर्शक पुस्तकाच्या २०१७ च्या सहाव्या आवृत्तीत ४९ प्रक्रिया आणि १० ज्ञानक्षेत्रं होती. २०२१ च्या सातव्या आवृत्तीत त्यांच्या जागी १२ तत्त्वं आणि ८ कार्यक्षेत्रं आली. सीनियरच्या नोट्समधून प्रक्रिया उचलायच्या आणि संदर्भ मात्र सातव्या आवृत्तीचा द्यायचा, हे तपासणाऱ्याला पहिल्याच पानावर कळतं. जुनी आवृत्ती वापरू नये असं नाही. पण कुठली वापरली आणि का, हे एका वाक्यात सांगा.

नेटवर्क: फ्लोट दोनदा खर्च करणं

हा भाग सोपा समजला जातो आणि म्हणूनच महागात पडतो. एक छोटं नेटवर्क, म्हणजे कुठल्या कामानंतर कुठलं काम याची साखळी, घेऊ. अ हे काम ४ दिवसांचं. अ नंतर ब (६ दिवस) आणि क (३ दिवस). ब नंतर ड (५), क नंतर इ (७). ड आणि इ दोन्ही संपल्यावर फ (२).

अ-ब-ड-फ हा मार्ग १७ दिवसांचा, अ-क-इ-फ हा १६ दिवसांचा. पहिला सगळ्यात लांब, म्हणून तोच क्रिटिकल पाथ: त्यावरचा उशीर थेट प्रकल्पाला लागतो. क आणि इ या दोघांचाही टोटल फ्लोट, म्हणजे प्रकल्प न लांबवता मिळणारी मोकळीक, १ दिवस येतो. इथे हमखास लिहिलं जातं, 'क एक दिवस लांबलं तरी चालेल, इ एक दिवस लांबलं तरी चालेल.' दोन्ही वाक्यं सुटी-सुटी बरोबर आहेत, एकत्र चूक. तो दिवस त्या मार्गाचा सामाईक आहे. क ने वापरला की इ कडे काही उरत नाही. फ्री फ्लोट, म्हणजे पुढचं काम न लांबवता मिळणारी मोकळीक, काढला की हे लगेच दिसतं. क सातव्या दिवशी संपतं आणि इ त्याच वेळी सुरू होतं, म्हणून क चा फ्री फ्लोट शून्य. इ चौदाव्या दिवशी संपतं आणि फ पंधराव्या दिवसाअखेर सुरू होतं, म्हणून इ चा १. दोन्ही फ्लोट मांडा आणि कुठल्या पुरवठादाराला किती मोकळीक द्यायची, हे त्यावरून लिहा.

दुसरी चूक क्रॅशिंगची, म्हणजे जादा पैसे घालून दिवस कमी करण्याची. समजा एक दिवस कमी करायचा खर्च ब साठी ३ हजार, इ साठी ४, ड साठी ५ आणि अ साठी ६ हजार आहे. प्रकल्प १५ दिवसांवर आणायचाय. पहिल्या दिवसासाठी ब निवडणं बरोबर: ३ हजारांत १७ चे १६ झाले. मग सवयीने पुन्हा ब वर हात जातो, कारण ते स्वस्त. पण आता दोन्ही मार्ग १६ दिवसांचे आहेत. एकटं ब कमी करून ३ हजार जातात आणि प्रकल्प १६ वरच राहतो. आता ब आणि इ एकत्र कमी करायला ७ हजार लागतील, तर दोन्ही मार्गांवर असलेलं अ एकट्याने ६ हजारांत काम करतं. दुसरा दिवस अ मधून घ्यायचा. एकूण ९ हजार. म्हणून प्रत्येक दिवस कमी केल्यावर सगळे मार्ग नव्याने मोजायचे आणि ते कोष्टक उत्तरात दाखवायचं. शेवटचा आकडा चुकला तरी पायऱ्या दिसल्या तर बरेच गुण वाचतात.

तीन अंदाजांच्या गणितात, म्हणजे पर्टमध्ये, प्रमाण विचलनं थेट बेरजेत घेणं ही ठरलेली चूक. १.५ आणि २ ची बेरीज ३.५ होत नाही. आधी वर्ग करायचे: २.२५ अधिक ४ म्हणजे ६.२५, आणि त्याचं वर्गमूळ २.५. शिवाय यावरून काढलेली वेळेत संपण्याची शक्यता फक्त एका मार्गाची असते. वरच्यासारखा १६ दिवसांचा मार्ग शेजारी उभा असेल तर वेळेत संपण्याची खरी शक्यता त्याहून कमी असते. हे एक वाक्य फार कमी जण लिहितात.

सॉफ्टवेअरमध्ये क्रिटिकल पाथ मध्येच तुटतो

मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये आराखडा केला, पण लाल पट्ट्या अर्ध्यातच गायब? बहुतेक वेळा सुरुवातीच्या तारखा हाताने टाकलेल्या असतात. तारीख टाइप केली की प्रोग्राम त्या कामावर 'या तारखेआधी सुरू नको' असं बंधन घालतो आणि आधीची साखळी सैल होते. तपासायचा क्रम असा: कामं ऑटो शेड्यूलवर आहेत का ते बघा, बंधनाचा स्तंभ उघडून 'शक्य तितक्या लवकर' सोडून दुसरं काही आहे का पाहा, टोटल स्लॅकचा (म्हणजेच टोटल फ्लोटचा) स्तंभ लावा, मग ज्यांना आधीचं किंवा नंतरचं काम जोडलेलंच नाही अशा ओळी शोधा. पहिलं आणि शेवटचं सोडून बाकी प्रत्येक ओळीला दोन्ही बाजूंनी दुवा हवा. दुवे गटशीर्षकांना न जोडता खालच्या प्रत्यक्ष कामांना जोडा. इतकं करूनही तुटत असेल तर कॅलेंडर बघा. एक काम सहा दिवसांच्या आठवड्यावर आणि पुढचं पाच दिवसांच्या आठवड्यावर असेल, तरी स्लॅक विचित्र येतो.

आणि प्रगती भरण्याआधी बेसलाइन, म्हणजे मूळ ठरलेला आराखडा, सेव्ह करा. ती नसेल तर तुलनेला काही उरत नाही.

अर्न्ड व्हॅल्यू: खर्च म्हणजे प्रगती नव्हे

एकूण बजेट २०० हजार. आजपर्यंत नियोजित काम १०० चं, म्हणजे पीव्ही १००. प्रत्यक्ष खर्च ११०. काम झालंय ४० टक्के. तर ईव्ही, म्हणजे झालेल्या कामाचं बजेटमधलं मूल्य, किती? ८०, कारण २०० चे ४० टक्के. पण '२०० पैकी ११० खर्च झाले म्हणजे ५५ टक्के काम झालं' असं लिहिलेल्या उत्तरपत्रिका कमी नसतात, आणि तिथून पुढचं सगळं गणित कोसळतं.

खर्चाची कार्यक्षमता दाखवणारा सीपीआय ८० भागिले ११०, म्हणजे ०.७३; वेळापत्रकाची दाखवणारा एसपीआय ८० भागिले १००, म्हणजे ०.८. इथवर बहुतेक जण पोचतात. खरी कसोटी अंतिम खर्चाच्या अंदाजाची. जादा खर्चाचं कारण एकदाच घडलेलं असेल, समजा खराब निघालेलं एक यंत्र बदलावं लागलं, तर उरलेलं १२० चं काम मूळ दरानेच होईल आणि अंदाज येईल २३०. मजुरीचा दरच चुकीचा धरला असेल तर तीच गळती पुढेही राहील: २०० भागिले सीपीआय, म्हणजे २७५. वेळेचं बंधन कडक असेल आणि उशीर भरून काढायलाही पैसा लागणार असेल, तर ११० अधिक १२० भागिले सीपीआय आणि एसपीआयचा गुणाकार, म्हणजे सुमारे ३१६. तीन सूत्रं आणि तीन उत्तरं. कुठलं घ्यायचं हे प्रश्नातल्या मजकुरावर ठरतं. कारण न लिहिता २७५ टाकून मोकळं होणं म्हणजे हातातले गुण सोडणं. टीसीपीआय, म्हणजे मूळ बजेटमध्ये बसायला यापुढे लागणारी कार्यक्षमता, तीही काढा: उरलेलं काम १२०, उरलेले पैसे ९०, उत्तर १.३३. आजवर ०.७३ ने चाललेली टीम उद्यापासून १.३३ ने काम करील का? बजेट वाढवून मागायचं की व्याप्ती कमी करायची, ही चर्चा इथून सुरू व्हायला हवी.

एक खोच लक्षात ठेवा. प्रकल्प कितीही उशिरा संपला तरी शेवटी ईव्ही आणि पीव्ही सारखे होतात आणि एसपीआय १ वर येतो. म्हणून अखेरच्या टप्प्यात एसपीआयवरून 'वेळापत्रक सुधारलं' असं लिहू नका.

जोखमीची नोंदवही आणि कामाची विभागणी

'बजेट वाढेल' ही जोखीम नव्हे, परिणाम आहे. कारण, घटना आणि परिणाम हे तिन्ही एका वाक्यात हवेत: 'पुरवठादार एकच असल्याने पंप उशिरा येऊ शकतो, आणि त्यामुळे चाचणी तीन आठवडे लांबू शकते.' अशी मांडणी केली की उपाय आपोआप नेमका होतो. पुढे जबाबदार व्यक्ती आणि धोक्याची पहिली खूण लिहा. ओळखलेल्या जोखमींसाठीची तरतूद खर्चाच्या बेसलाइनमध्ये असते. अनपेक्षित गोष्टींसाठीचा व्यवस्थापनाचा राखीव निधी तिच्या बाहेर. या दोन्ही रकमा एका ओळीत टाकू नका.

डब्ल्यूबीएसमध्ये, म्हणजे कामाच्या विभागणीच्या आकृतीत, क्रियापदं दिसायला लागली की समजा, ती कामांची यादी झाली. तिथे मिळणाऱ्या वस्तू हव्यात, आणि खालच्या पातळीची बेरीज वरच्या पातळीइतकीच भरायला हवी.

अजाइलबद्दल ऐकीव माहिती

अजाइल म्हणजे छोट्या छोट्या फेऱ्यांत काम पुढे नेण्याची पद्धत. 'अजाइलमध्ये नियोजन नसतं' हे वाक्य अजूनही असाइनमेंटमध्ये सापडतं. स्क्रम या अजाइलच्या प्रकारात प्रत्येक स्प्रिंटची, म्हणजे कामाच्या फेरीची, सुरुवातच नियोजनाने होते, आणि स्प्रिंट एका महिन्यापेक्षा मोठा नसतो. दोन टीमच्या व्हेलॉसिटीची, म्हणजे एका स्प्रिंटमध्ये संपवलेल्या स्टोरी पॉइंटची, तुलना करणंही चूक, कारण कामाचा आकार मोजणाऱ्या या पॉइंटचं माप प्रत्येक टीमचं वेगळं.

गटाची असाइनमेंट: शेवटच्या रात्रीचं जोडकाम

चौघांनी चार भाग वाटून घेतले आणि शेवटच्या रात्री एका फाइलमध्ये चिकटवले, की काय होतं? वेळापत्रकाच्या भागात ४० आठवडे, खर्चाच्या भागात कार्यालयीन खर्च ३६ आठवड्यांचा आणि जोखमीच्या भागात ज्याचं नाव इतर कुठेच नाही असा कंत्राटदार. उपाय कंटाळवाणा आहे, पण चालतो: पहिल्याच बैठकीत गृहीतकांचं एक पान करायचं. कालावधी, चलन, दर, सुट्ट्या, टीममधली माणसं, सगळं त्यात. ते पान एकाच्याच ताब्यात आणि बदल फक्त त्याच्यामार्फत. आरएसीआय तक्त्यात, म्हणजे कुठल्या कामात कुणाची काय जबाबदारी ते दाखवणाऱ्या तक्त्यात, एका कामाला दोन जण अंतिम जबाबदार दाखवू नका, आणि स्वतःच्या गटातही तसं करू नका. बैठकीत ठरलेलं त्याच दिवशी दोन ओळींत सगळ्यांना पाठवा. पुढे कुणी कामच केलं नाही असा वाद झाला, तर तेवढाच पुरावा हाताशी असतो.

प्रबंध: विषय मोठा, वेळ छोटा

'प्रकल्पांच्या यशाचे घटक' हा विषय घेऊन कुणाचंच भलं झालेलं नाही. कुठल्या क्षेत्रातले प्रकल्प, यश कुणाच्या नजरेतून, कुठल्या टप्प्यावर? 'रुग्णालयांच्या सॉफ्टवेअर प्रकल्पांत गरजा बदलल्यावर बदलाची मंजुरी कुठे अडकते' हा विषय बारा-पंधरा हजार शब्दांत मावतो. कसोटी सोपी आहे: प्रश्न वाचून कुणाला भेटायचं आणि कुठला कागद मागायचा हे सांगता आलं, तर तो पुरेसा अरुंद झाला.

नैतिक मंजुरी मिळण्याआधी गोळा केलेली माहिती बहुतेक विद्यापीठांत वापरता येत नाही. प्रश्नावली मित्रांना आधीच पाठवून टाकली तर ते सगळं फुकट जाऊ शकतं. स्वतःच्या कंपनीतली माहिती वापरणार असाल तर परवानगी लेखी घ्या. साहेबांनी तोंडी दिलेला होकार साहेब बदलले की संपतो. मुलाखतींचा वेळही कमी धरला जातो. एका तासाची मुलाखत हाताने शब्दशः उतरवायला चार ते सहा तास लागतात. दहा मुलाखती म्हणजे नुसतं लिहून काढण्यातच एक-दीड आठवडा गेला.

संदर्भसाहित्याचा आढावा म्हणजे 'अमुक म्हणतो, तमुक म्हणतो' अशी रांग नव्हे. लेख मुद्द्यांनुसार लावा आणि कुठे मतभेद आहेत, ते कशामुळे, हे लिहा. विश्लेषणातली मोठी चूक म्हणजे बारा प्रतिसादांवर टक्केवारी काढून संपूर्ण उद्योगाबद्दल बोलणं. प्रतिसाद कमी आले तर टक्के सोडा, 'बारापैकी आठ' असं सरळ लिहा आणि मुलाखतींवर भर द्या. गाइडला हे शेवटच्या आठवड्यात नको, प्रतिसाद थांबले त्याच आठवड्यात सांगा. पद्धत बदलायची तर तेव्हाच बदलता येते.

एआयच्या मदतीने संदर्भ शोधत असाल तर प्रत्येक लेख स्वतः उघडून पाहा. शीर्षक, लेखक, वर्ष सगळं खरं वाटणारं आणि प्रत्यक्षात अस्तित्वातच नसलेलं, असे संदर्भ त्यातून येतात. असा एक सापडला की परीक्षक उरलेले सगळे तपासायला घेतो. विद्यापीठ अशा वापराची नोंद मागत असेल, तर कुठे आणि कशासाठी वापरलं हे सबमिशनच्या पहिल्या मसुद्यापासूनच लिहीत चला.