वेली घेवडा लावताय? आधी फुलाचा महिना मोजा

घटस्थापना ते कोजागरी. पुणे, सातारा, नाशिक, अहिल्यानगर या पट्ट्यात परसात वेली घेवडा लावायचा तर हेच पंधरा दिवस, फार तर पुढे आठवडाभर. दिवाळीचा फराळ आटोपल्यावर लावणाऱ्याला निम्मा हंगाम मिळतो. संक्रांतीनंतर लावणाऱ्यांच्या ताट्या तर मी दरवर्षी मार्चमध्ये बघतो. वेल आठ फूट चढलेला, पानं हिरवीगार, फुलंही भरपूर, आणि खाली त्याच फुलांचा सडा. शेंगा म्हणाल तर पाच-सहा. मग फोन येतो, "बी खोटं निघालं."

बी खोटं नसतं. बी घेताना कुणी फुलाचा महिना मोजलेला नसतो.

श्रावण घेवडा, म्हणजे आपली फरसबी, हे थंड-मध्यम हवेचं पीक. १६ ते २४ अंशांत तो खुशीत असतो. दिवसाचा पारा ३० च्या पुढे गेला आणि रात्रही उबदार राहू लागली की पराग निकामी होतो आणि फूल देठातून सुटतं. झुडपी जात ३०-३५ दिवसांत फुलावर येते, पंचेचाळीस-पन्नास दिवसांत तोडा सुरू होतो आणि दोन-तीन आठवड्यांत आटोपते. वेली जातीचं तसं नाही. पहिलं फूल ४५-५० दिवसांनी, पहिला तोडा साठाव्या दिवसाच्या पुढे, आणि त्यानंतर सहा ते आठ आठवडे ती देत राहते. म्हणजे तिला पेरणीच्या वेळी नव्हे, तर फुलल्यानंतरचे दोन महिने थंडी लागते. कॅलेंडर समोर धरा. १ ऑक्टोबरला टोकलेलं बी नोव्हेंबरच्या मध्याला फुलेल, डिसेंबर-जानेवारी घरची भाजी. १५ जानेवारीला टोकलेलं मार्चच्या तोंडावर फुलेल, तेव्हा दुपारी पारा ३५ ला टेकलेला असतो. हा हिशेब पाकिटावर छापलेला नसतो. तिथे शेंगेचा देखणा फोटो असतो आणि 'वर्षभर लागवड'.

आता जातींकडे. दुकानात "वेली घेवडा द्या" एवढंच म्हणू नका. आपल्याकडे घेवडा हे अर्ध्या डझन शेंगांचं नाव आहे. बहुतेक वेळा तुमच्या हातात वालघेवडा पडतो. तो वाईट नाही, पण तो दिवस लहान झाल्याशिवाय फुलतच नाही, आणि त्याचा पसारा मांडवभर. बी तळहातावर घेऊन बघा. वालाच्या बियांच्या कडेला लांब पांढरी उठावदार रेघ असते. फरसबीचं बी मूत्रपिंडाच्या आकाराचं आणि त्याचा डोळा बारीक, मधोमध. एवढं पाहिलं तरी निम्मी फसवणूक टळते.

दुसरं, जातीचं नाव विचारा. कंटेंडर, अर्का कोमल, पुसा पार्वती या झुडपी जाती. गुणी आहेत, पण त्यांच्यासाठी बांबू रोवून बसलात तर बांबू नुसताच उभा राहील. वेलींमध्ये जुनी आणि खात्रीची म्हणजे केंटुकी वंडर. अमेरिकेतली एकोणिसाव्या शतकातली जात, आपल्याकडेही तिची शिफारस झालेली आहे. शेंग लांब, जराशी चपटी, घोसात. कोवळी तोडली तर लुसलुशीत, दोन दिवस उशीर झाला की शिरा काढत बसा. पुसा हिमलता गोल शेंगेची आणि बिनशिरांची, पण नावाप्रमाणे डोंगराळ थंड भागातली. महाबळेश्वर-पाचगणीकडे किंवा मावळात थंडी पडते तिथे करून बघावी. सोलापूर-धाराशिवला मी ती कुणाला सुचवणार नाही. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची अर्का सुकोमल ही वेली जात तांबेऱ्याला, म्हणजे पानांवर तांबूस पुटकुळ्या आणणाऱ्या बुरशीला, दाद देत नाही. परतीचा पाऊस रेंगाळतो आणि दव लवकर सुरू होतं अशा जागी हीच घ्या. ब्लू लेकची शेंग चवीला सगळ्यांत उजवी असं माझं मत, पण बी जपून ठेवणारा भेटला तरच.

लाल फुलांच्या 'स्कार्लेट रनर'चे फोटो पाहून ऑनलाइन बी मागवणाऱ्यांनी थोडं थांबावं. तो वेगळाच घेवडा आहे, थंड डोंगराचा. त्याला शेंग धरायला मधमाशी लागते आणि आपल्या उन्हात तो फुलून फुलून दमतो.

आणि 'हायब्रीड फरसबी'. हा शब्द दिसला की दुप्पट पैसे मोजायच्या आधी विचार करा. फरसबीचं फूल उमलायच्या आधीच आपलं परागीभवन आपणच उरकतं. संकरित बी करायचं तर एकेका फुलावर हातानं काम करावं लागेल, आणि एका शेंगेत बी किती, तर पाच-सात. ते कुणालाच परवडत नाही. पाकिटात असतं ते सरळ वाणाचं बी. याचा फायदा तुम्ही घ्या. चांगल्या वेलावरच्या दहा-बारा शेंगा वाळू द्या, पुढच्या वर्षी बी विकत घेऊ नका. मात्र शेंगेवर काळपट खोलगट डाग असतील तर ती करप्याची, ते बी ठेवायचं नाही. पानं कुरळी, गडद-फिकट चट्ट्यांची असतील तर मोझॅक हा विषाणूरोग. तोही बियातून पुढच्या वर्षी घरात येतो.

प्रदेशाप्रमाणे थोडं पुढे-मागे. विदर्भात ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा गाठा. डिसेंबरच्या कडाक्यात वाढ खुंटते, घाबरू नका, पण त्याआधी वेल फुलावर आलेला हवा. निफाडकडे दवगोठणाची भीती असते, तिथे ताटी भिंतीच्या आडोशाला, पूर्वेचं ऊन मिळेल अशी. कोकण किनारपट्टी आणि गोव्यात खरं सांगायचं तर वेली फरसबीचा हट्ट धरू नये. तिथे डिसेंबरातही दुपारी पारा ३० च्या वर असतो. फारच हौस असेल तर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात झुडपी जात लावा, नाहीतर आपली चवळी, चौधारी, वाल आहेतच. देशी वाल-घेवड्यांत किती वैविध्य आहे हे बघायचं तर अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या पद्मश्री राहीबाई पोपेरे यांनी जपलेल्या बियांकडे बघा.

चार माणसांच्या घराला बारा ते पंधरा आळी पुरतात. बाकीची कामं अशी:

– ताटी पेरणीच्या आधी उभी करा, नंतर नाही. बांबू जमिनीवर सात फूट, मध्ये सुतळी.
– एका आळ्यात दोन बिया, एक पेर खोल. दोन आळ्यांत एक फूट, दोन ओळींत तीन फूट.
– बी रात्रभर भिजवू नका, तडकतं आणि कुजतं.
– बीजप्रक्रिया: ट्रायकोडर्मा (मर रोखणारी उपयोगी बुरशी) ५ ग्रॅम प्रति किलो, मग रायझोबियम (मुळांवर नत्राच्या गाठी धरवणारे जिवाणू) २५० ग्रॅम प्रति १० किलो बियाण्यास. मूठभर बियांना चिमूटभर, गुळाच्या पाण्यात.
– आळ्यात कुजलेलं शेणखत दोन ओंजळी.
– उगवेपर्यंत बेताचं पाणी, फुलापासून शेंगेपर्यंत ताण नको.
– तोडा दर दोन-तीन दिवसांनी. वेलावर शेंग जून झाली की नवीन फूल येणं मंदावतं.

वेल सुतळीला गुंडाळायची वेळ आली तर वरून पाहून घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनं गुंडाळा. त्याची चढायची रीत तीच. उलट गुंडाळलात तर तो दुसऱ्या दिवशी सुटून पडलेला असतो, आणि त्यावरही कुणीतरी औषध विकेलच.

रोप तीन-चार पानांवर असताना एकाएकी माना टाकू लागलं तर जमिनीलगत खोड बघा. फुगलेलं, चिरलेलं असेल तर खोडमाशी. पार गेलेली रोपं उपटून जाळा, बाकीच्यांना मातीची भर द्या. भरीत नवी मुळं फुटून बरीच सावरतात. मावा दिसला की पाच टक्के निंबोळी अर्क, संध्याकाळी, पानांच्या खालून. भुरी, म्हणजे पानांवर पांढरी पूड पडल्यासारखी बुरशी, आली तर पाण्यात मिसळणारं गंधक २५ ग्रॅम १० लिटर पाण्यात, पण कडक उन्हात फवारू नका, पानं करपतात. माझा अनुभव, याला शास्त्रीय आधार नाही, कडेला झेंडू लावलेल्या ताटीवर मावा उशिरा येतो.

फूलगळीवरच्या बाटल्यांबद्दल मात्र मला राहवत नाही. गेल्या मार्चमध्ये आमच्या गल्लीतल्या एका गृहस्थांनी सातशे रुपयांचं 'फुलधारणा टॉनिक' आणून बारा वेलांवर तीनदा मारलं. फुलं गळतच राहिली. उन्हानं मेलेला पराग बाटलीनं जिवंत होत नाही. फूलगळ दिसली की आधी तारीख बघा, मग पारा, मग पाणी. तिन्ही ठीक असून वेल नुसता पाल्यावर असेल तर युरिया जास्त झालाय, तो बंद करा. फरसबीच्या मुळांवर इतर कडधान्यांइतक्या नत्र देणाऱ्या गाठी धरत नाहीत, म्हणून थोडं नत्र लागतं हे खरं, पण शेणखत घातलेल्या परसात ते आधीच असतं.

घटस्थापना चुकली असेल तर यंदा वेली बी डब्यात ठेवा, राख घालून. जानेवारीत हात शिवशिवले तर झुडपी कंटेंडर टोका, तीसुद्धा पहिल्या पंधरवड्यातच. ती मार्चच्या उन्हाआधी फुलेल.