बंद झालेली एक्सयूव्ही 500 घरासाठी घेताना: आधी आत्यांना बसवून बघा

गाडी बघायला जाताना आम्ही आत्यांना सोबत घेतलं होतं. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, वय 74, दोन्ही गुडघे बोलतात. शिवाय दोन मोठ्या बॅगा, एक कुकरची पिशवी आणि धाकट्याची सायकल. हे सगळं आमच्या जुन्या गाडीतून उतरताना बघून विकणारे गृहस्थ माझ्या नवऱ्याला म्हणाले, "साहेब, गाडी बघायला आलाय की राहायला?"

राहायलाच, म्हटलं. पुढची सात-आठ वर्षं राहायचंय तिच्यात.

मी कराडला एका पतसंस्थेत वाहनकर्जाचं टेबल सांभाळते, 16 वर्षं झाली. जुन्या गाडीची फाईल माझ्या समोरून जाते आणि हप्ते थकले की तीच गाडी ओढून आणून आमच्या आवारात लावतात, तेव्हा पुन्हा मीच तिची किंमत लिहिते. त्यामुळे गाडीचा रंग कोणता हे मला आठवत नाही, पण कुणी कुठला कागद लपवला होता ते आठवतं. 2023 च्या दिवाळीआधी आम्ही 2016 ची एक्सयूव्ही 500 घेतली. त्याआधी पाच नाकारल्या. त्या पाचांनी जे शिकवलं ते इथे सांगते.

महिंद्राच्या या गाडीची ओळख बहुतेकांना आहे. सप्टेंबर 2011 मध्ये आली, आपल्या चाकणला बनायची. सुरुवातीला मागणी एवढी की कंपनीला लॉटरी काढून गाड्या द्याव्या लागल्या होत्या. सात जणांची, पण स्कॉर्पिओसारखी वेगळ्या चासीवर ठेवलेली नाही. कारसारखी एकसंध बॉडी, इंजिन आडवं, ताकद पुढच्या चाकांना. 2021 मध्ये एक्सयूव्ही 700 आली आणि हिचं उत्पादन थांबलं.

मॉडेल बंद झालं की भाव पडतो, तिथेच आपल्यासारख्यांचा फायदा. पण "पार्ट मिळतील का?" हा प्रश्न विकणाऱ्याला विचारू नका, तो हो म्हणणारच. गाडी बघायच्या आधी आपल्या गावातल्या स्पेअर पार्टच्या दुकानात जा आणि पाच वस्तूंची किंमत आणि किती दिवसांत येईल ते कागदावर लिहून आणा: हेडलॅम्प, मागचा दिवा, बाहेरचा आरसा, दाराचं हँडल आणि मधली स्क्रीन. इंजिनाची मला फारशी काळजी नाही. 2.2 लिटरचं एमहॉक कुटुंबातलं इंजिन स्कॉर्पिओतही होतं, आणि आपल्याकडे ते न उघडलेला मेस्त्री शोधावा लागेल. मॉडेल बंद पडलं की आधी अडतं ते फक्त त्याच गाडीला बसणाऱ्या काचा-दिव्यांवर. आमच्या मेस्त्रीचं म्हणणं, "वहिनी, इंजिन कुठंबी बांधून देतो, पण दिवा कुठनं आणू?"

साल कोणतं घ्यायचं? पहिल्या दोन-तीन वर्षांतल्या गाड्या मी सरळ सोडल्या. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. 2012 ची गाडी घेतली तर 2027 ला फिटनेस, नूतनीकरण आणि पर्यावरण कर असं सगळं आपल्याच गळ्यात, आणि नूतनीकरण मिळतं तेही पाच-पाच वर्षांचंच. 2015 च्या मे महिन्यात चेहरा बदलला, त्याच वर्षाअखेर ऑटोमॅटिक आली. 2018 ला पुन्हा बदल झाला, ताकद 140 वरून 155 अश्वशक्तीवर गेली आणि डब्ल्यू 6, डब्ल्यू 8 ही प्रकारांची नावं जाऊन डब्ल्यू 7, डब्ल्यू 9, डब्ल्यू 11 आली. 2020 नंतरच्या बीएस 6 (प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या) डिझेलला धूर गाळणारा डीपीएफ असतो. रोज मुलांना शाळेत सोडणं आणि भाजी आणणं एवढंच करणार असाल तर तो फिल्टर काजळीने भरत राहतो, त्याला मोकळा करायला हायवेची धाव लागते. आम्हाला 2015 ते 2017 मधली मॅन्युअल हवी होती, डब्ल्यू 8 किंवा वरची. त्यात सहा एअरबॅग आणि घसरण सावरणारी ईएसपी येते. डब्ल्यू 4 स्वस्त मिळते, पण मागे नातवंडं बसवायची तर तिथे पैसे वाचवू नयेत असं माझं मत.

आता कागद. आरसी, म्हणजे नोंदणीचा कागद, मूळ हवी. त्यावर कर्जाचा बोजा आहे का बघा. कर्ज फिटलं म्हणजे बोजा उतरला असं नसतं. बँकेचं नाहरकत पत्र आणि फॉर्म 35 आरटीओत जाऊन बोजा कागदावरून निघावा लागतो. आमच्या पतसंस्थेत दर महिन्याला एक तरी गिऱ्हाईक असं येतं, कर्ज सहा वर्षांपूर्वी फिटलेलं आणि पत्र घेऊन कपाटात ठेवलेलं. ई-चलानची थकबाकी नंबर टाकून तिथल्या तिथे मोबाईलवर बघा. पुण्यातल्या एका गाडीवर 14 चलानं निघाली, त्यातली नऊ वेगाची. गाडी कशी हाकली गेली हे त्याहून स्पष्ट कोण सांगणार?

दिल्लीच्या गाडीचा मोह टाळा. त्या परिसरात 10 वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवरची बंदी सर्वोच्च न्यायालयाने 2018 ला कायम केली आणि तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे यायला लागल्या. किंमत लाख-दीड लाखाने कमी दिसते. पण आधी तिथल्या आरटीओचं नाहरकत पत्र, मग इथे पुन्हा नोंदणी, मग महाराष्ट्राचा रोड टॅक्स. तो गाडीच्या वयाप्रमाणे कमी होत असला तरी भरावा लागतोच. एजंट म्हणतो, "ते मी बघतो." त्याचं बघून होईपर्यंत कराडची एमएच 50 ची पाटी लागत नाही आणि गाडी दारात उभी.

पण आमच्या भागात सगळ्यात जपायचं ते पाण्याला. ऑगस्ट 2019 मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि जुलै 2021 मध्ये चिपळूणला किती गाड्या पाण्याखाली गेल्या ते आपण सगळ्यांनी बघितलंय. त्यातल्या भंगारात गेल्या तेवढ्या गेल्या. बाकीच्या विमा कंपनीने निकाली काढून लिलावात विकल्या, कुणीतरी धुऊन-वाळवून पुन्हा रस्त्यावर आणल्या. सांगलीत आम्ही एक पांढरी 2017 ची बघितली. आतून चकाचक, नवे सीट कव्हर, डॅशबोर्डवर कापराचा डबा. नवरा खूश. मला तो कापरच खटकला.

पाणी शिरलेली गाडी ओळखायला सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा, अगदी जिथे नेहमी कुणी ओढत नाही तिथपर्यंत. पट्टा धुतला तरी तळाचा एक वीतभर भाग गुंडाळलेलाच राहतो. सांगलीच्या गाडीत तिथे चहाच्या रंगाची रेघ होती. मग पुढची सीट मागे सरकवून रुळाचे बोल्ट बघा. घरातल्या गाडीच्या सीटखाली चॉकलेटचे कागद सापडतात, गंज सापडत नाही. पायाखालचं मॅट नव्हे, त्याखालचा गालिचा दाराच्या पट्टीजवळ बोटाने उचला आणि खालचा फोम दाबा. फ्यूज बॉक्सचं झाकण काढून कोपऱ्यात गाळ आहे का बघा, मोबाईलचा दिवा लावून. एसी पूर्ण वेगाने सोडा आणि पहिला भपकारा नाकाने घ्या, डोळे मिटून. वास दडपायला काहीतरी ठेवलेलं असेल तर ते बाहेर काढून पाच मिनिटं काचा बंद ठेवा. एवढं करून शंका राहिली तर गाडीचा नंबर घेऊन सर्व्हिस सेंटरला जा आणि मालकाच्या संमतीने नोंदी मागा. 2019 च्या ऑगस्टनंतर चार महिने गाडी कुठेच गेली नसेल, तर का गेली नाही ते विचारा. एवढी महाग इलेक्ट्रिकची कामं असलेल्या गाडीत पाणी एकदा शिरलं की ते दोन-तीन वर्षांनी वायरिंगमधून बोलतं.

काचांवरही एक नजर टाका. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात कंपनीचा शिक्का आणि सालाची खूण असते. पाच काचा एका सालाच्या आणि एक वेगळी, तर त्या बाजूला काय झालं होतं ते विचारायचा आपला हक्क आहे. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझला पाहिजे. लागलाच नाही तर जास्त वाईट.

किलोमीटरच्या आकड्यावर मी कधीच विश्वास ठेवत नाही. टायरच्या कडेला चार अंक असतात: 2318 म्हणजे 2018 चा 23 वा आठवडा. 2016 ची गाडी, मीटर 48 हजार, आणि टायर दुसऱ्यांदा बदललेले? मग हिशेब लागत नाही. क्लचच्या पेडलचं रबर, स्टिअरिंगचं चामडं, ड्रायव्हरच्या सीटची उजवी कड, हे तिन्ही मीटरशी जुळायला हवेत. सर्व्हिसच्या बिलांवर तारीख आणि किलोमीटर दोन्ही छापलेले असतात, ते ओळीने मांडून बघा. आणि हिचे 17 इंची टायर स्वस्त नाहीत. चारही बदलायचे तर मी चाळीस-पंचेचाळीस हजार धरते.

मेस्त्रीला घेऊनच जा, त्याच्या दिवसाची मजुरी देऊन. विकणाऱ्याला आदल्या दिवशी फोन करून सांगा, आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर आधी बॉनेटला हात लावा. गरम असेल तर चहा पिऊन या, निवू द्या. गार इंजिन चालू होताना जे बोलतं ते गरम झाल्यावर लपतं. आमचे मेस्त्री इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडतात आणि वर तळहात धरतात. वाफ फसफसून वर येत असेल तर इंजिन झिजलंय, मग ते काही न बोलता झाकण लावतात. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. जोरात रेस दिल्यावर जरासा काळा धूर डिझेलला माफ.

मग घाट. आमची गाडी साताऱ्याची, म्हणून यवतेश्वरचा घाट चढवला, पाच माणसं बसवून. सपाट रस्त्यावर पावणेदोन टनाची गाडी काहीच सांगत नाही. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला आणि इंजिनाचा आवाज वाढला पण वेग वाढला नाही, तर क्लच गेलाय. क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, मजुरी वाढते. एकदम रेस दिल्यावर स्टिअरिंग जरा एका बाजूला ओढतं. पुढच्या चाकांवर एवढी ताकद आल्यावर ते होतंच, घाबरू नका. मात्र सरळ, संथ चालताना ओढत असेल तर अलाइनमेंट किंवा अपघात. उतरताना खड्ड्यावरून मुद्दाम हळू घ्या, काचा खाली, रेडिओ बंद. पुढून टक-टक आली तर सस्पेन्शनच्या बुश आणि लिंक रॉडचा खर्च लिहून ठेवा.

यानंतर आत्या. गाडी जमिनीपासून 200 मिलिमीटर उंच, रुंदी 1890. आत्यांना पुढे चढायला हँडल धरून जमलं, मधल्या रांगेत नाही. तिसऱ्या रांगेत मी स्वतः बसले. गुडघे हनुवटीशी, कराड ते पंढरपूर काही मी तिथे बसणार नाही. दहा वर्षांपर्यंतच्या पोरांना ती जागा ठीक. आणि तिसरी रांग उघडी असताना मागे बॅग मावत नाही, दोन पिशव्या उभ्या राहतात, बस्स. सातजण आणि सातजणांचं सामान हे दोन्ही एकदम होत नाही हे शोरूममध्ये कुणी सांगत नसे. आम्ही सहा, म्हणून तिसऱ्या रांगेचा अर्धा भाग पाडून बॅगा ठेवल्या, धाकटा उरलेल्या अर्ध्यात. सायकल मावली नाही. मधल्या प्रवाशाला तीन बाजूंनी धरणारा पट्टा आहे का आणि लहान मुलाची सीट अडकवायच्या कड्या आहेत का, ते माहितीपत्रकात वाचण्यापेक्षा हाताने चाचपून बघा.

भाव करताना मी कागद आणि पेन काढलं. ते मागत होते 6 लाख 75 हजार. त्यांच्यासमोर लिहिलं: क्लच, दोन टायर, पुढचे बुश. नुसतं "कमी करा" म्हटलं तर समोरचा चिडतो, कागदावरच्या आकड्यावर तो निदान मेस्त्रीशी भांडतो. 6 लाख 20 ला जमलं. त्याशिवाय 60 हजार मी पहिल्या वर्षासाठी वेगळे ठेवले होते, त्यातले 52 खर्च झाले. घाटासकट लिटरला 12 ते 13 पडतं, कंपनीचा सुरुवातीचा दावा 15.1 चा होता.

पैसे देताना मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या, दोघांच्या आधारच्या प्रती, आणि ताबा दिल्याची तारीख-वेळ लिहिलेला कागद. वेळ लिहाच. त्या संध्याकाळी काही झालं तर कोण जबाबदार ते त्यावर ठरतं. विमा 14 दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्या. नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याची सूट, मात्र जुन्या मालकाचा, तो गाडीबरोबर येत नाही.

एक गोष्ट मीच विसरले. आठवड्याने त्या गृहस्थांचा फोन आला, पहिल्यांदाच थेट मला: "मॅडम, तासवड्याचा टोल माझ्या खात्यातून दोनदा गेला." जुना फास्टॅग काचेवर तसाच होता. पैसे लगेच पाठवले, माफी मागितली. ताबा घ्याल त्याच दिवशी त्यांच्यासमोर तो बंद करून घ्या.