तुर्की मकाम ऐकून कसा ओळखावा

मकाम म्हणजे साधारण आपल्या रागासारखी तिकडची गोष्ट. सुरुवात तक्सिमपासून करा. आपल्या आलापासारखाच तो तालाविना, वाजवता वाजवता सुचत जातो. म्हणजे 'उसुल', तिकडचा ताल, मोजायची कटकट नाही. तान्बुर या लांब मानेच्या तंतुवाद्याचे वादक तान्बुरी जेमिल बे (१८७३–१९१६) यांचे तबकड्यांवरचे तक्सिम तीन-चार मिनिटांत संपतात. तेवढेच पुरे.

शेवटचा सूर गुणगुणा. तो 'दुराक'. त्याला सा धरा.

पेटी मात्र उघडू नका. तुर्की हिशेबात पूर्ण स्वरांतराचे ९ 'कोमा', म्हणजे बारीक भाग, सप्तकाचे ५३. उश्शाक मकामातला रे कोमल आणि शुद्धच्या मधे बसतो, आणि स्वरलिपीत दाखवतात त्याहूनही थोडा खाली लागतो. 'जवळची पट्टी दाबा' असं सांगणाऱ्याने उश्शाक नीट ऐकलेलाच नाही.

आता खरी गोची. स्वर सापडले की मकाम सापडला, असं मी दोन वर्षं समजत होतो. हुसेनी आणि मुहय्येर यांचे स्वर एक, दुराकही एक. प्रत्येक मुहय्येरला मी छातीठोकपणे हुसेनी म्हणायचो, तेही जाणकारांसमोर. भूप आणि देसकार या एकाच स्वरांच्या रागांत कधी न चुकणाऱ्या माणसाने हे करावं! तिथे तरी आपण नुसते पाच स्वर मोजतो का?

फरक असतो 'सेयिर'चा, म्हणजे मकामाच्या चालीचा. मुहय्येर तार सापाशी सुरू होतो आणि उतरत येतो. हुसेनी पंचमाभोवती घोटाळतो, मग वर-खाली जातो. उश्शाक दुराकाजवळून निघून चढतो. त्याच स्वरांचा बेयाती मध्यमाच्या आसपास उगवतो. जिथे मुक्काम पडतो तो सूर 'गुच्लु'. त्याला आपला वादी, म्हणजे रागाचा मुख्य स्वर, म्हणून मोकळं होऊ नका. गुच्लुवर वाक्य खरोखर थांबतं, अर्धविरामासारखं.

म्हणून पहिलं अर्धं मिनिटच ऐका आणि थांबवा. सूर कुठून निघाला, कुठे टेकला, एवढंच लिहा. मग थेट शेवटची ओळ. मधला भाग सुरुवातीला सोडाच: तिथे वादक 'गेच्की' घेऊन दुसऱ्याच मकामात फिरून येतात. माझे निम्मे चुकीचे अंदाज त्या मधल्या मिनिटातले होते.

आणि हो, तक्सिमच्या नावातच बहुधा मकाम लिहिलेला असतो. तो आधी झाकून ठेवा.