बूट घेताना आतला सोल काढून त्यावर उभं राहा

दुकानात पळायचा बूट एकदम फिट वाटतो आणि जळगावच्या मेहरुण तलावावर जरा लांब पळालं की बोटं पुढे घासायला लागतात, नख काळं पडतं. घेतानाच एवढं बघून घ्या.

१. संध्याकाळी जा. दिवसभरात पाय थोडे फुगतात, पळतानाही फुगतात, आणि जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात तर जास्तच. पळायचे मोजे घालूनच जा.

२. बुटातला सोल बाहेर काढा, बहुतेक रनिंगच्या बुटांचा सहज निघतो, तो जमिनीवर ठेवून टाच मागच्या कडेला लावून सरळ उभं राहा. सगळ्यात लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा पाहिजे, आणि करंगळी कडेबाहेर जात असेल तर बूट रुंदीला कमी आहे, कितीही आवडला तरी ठेवून द्या. दोन्ही पाय बघा, मोठ्या पायाचा नंबर घ्या.

३. घालून थोडं पळून बघा, टाच सुटायला नको.

रेससाठी वेगळा हलका बूट परवडला तर चांगलंच, पण बजेट एकाचंच असेल तर रोजच्या सरावाचाच चांगला घ्या, रेसही त्यात आरामात होते. फक्त कोरा बूट थेट रेसला घालू नका, आधी सरावात चार-पाच वेळा वापरा.